प्लगिन बसवलं खरं, पण काढायचं कसं?

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये 'ग्लासवर्म' नावाचा एक किडा, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, बातम्यांत आला. टेक्स्ट एडिटरला जोडायच्या एक्स्टेंशनमधून तो पसरत होता. त्याचा घातक कोड पडद्यावर न उमटणाऱ्या युनिकोड अक्षरांत लपवलेला होता. फाइल उघडून ओळ न् ओळ वाचली तरी त्या जागी निव्वळ मोकळी जागा दिसायची. ज्याच्या मशीनमध्ये शिरला तो माणूस स्वतः एक्स्टेंशन बनवणारा निघाला, तर त्याच्या खात्याच्या किल्ल्या चोरून किडा त्याच्याही एक्स्टेंशनमध्ये जाऊन बसायचा.

त्या आठवड्यात एका अनुवादक मैत्रिणीचा फोन आला. "अरे, मी काही प्रोग्रॅमर नाही. मला एडिटरमध्ये फक्त शुद्धलेखन तपासणारं प्लगिन हवंय. त्याच्या माहितीत बसवायच्या तीन पद्धती दिल्यात. एकीत टर्मिनलमध्ये, त्या कमांड द्यायच्या खिडकीत, एक ओळ टाइप करायची, दुसरीत एडिटरच्या आतल्या यादीतून शोधायचं, तिसरीत झिप उतरवून कुठल्याशा फोल्डरात टाकायची. तिन्हींनी एकच वस्तू येणार ना? मग तीन कशाला?"

येणार एकच वस्तू, हे खरं. फरक बसवताना कळतच नाही. तो कळतो सहा महिन्यांनी, ते प्लगिन काढायची वेळ आली की. अशा वस्तू आणून लावणाऱ्या पॅकेज मॅनेजरची जाहिरात सगळीकडे 'बसवायला सोपं' अशी होते. माझ्या मते ती त्याच्या कामाची सगळ्यात किरकोळ बाजू आहे.

## आधी थोडी भाषा

टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहायचं साधन. ठळक-तिरकं नाही, समास नाही, नुसती अक्षरं. प्रोग्रॅम, सेटिंगच्या फाइली आणि हल्ली पुष्कळांची टिपणंही यातच लिहिली जातात. ग्नू ईमॅक्स (१९८५), व्हिम (१९९१) आणि व्हीएस कोड (२०१५) ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं.

एडिटर बनवणाऱ्यांना सगळ्यांच्या सगळ्या गरजा पुरवता येत नाहीत, म्हणून ते बाहेरच्यांना आत काहीतरी जोडायची सोय ठेवतात. त्या जोडाला कुणी प्लगिन म्हणतं, कुणी एक्स्टेंशन, कुणी ॲड-ऑन. ईमॅक्सवाले सरळ 'पॅकेज' म्हणतात आणि गोंधळात भर घालतात. मी इथे प्लगिन म्हणेन.

पॅकेज म्हणजे प्लगिनच्या फाइली आणि सोबत एक चिठ्ठी. नाव काय, आवृत्ती कितवी, एडिटरची किमान कुठली आवृत्ती लागेल, आणखी कोणकोण सोबत हवं, हे त्या चिठ्ठीत असतं. व्हीएस कोडची 'व्हीएसआयएक्स' फाइल आतून साधी झिपच आहे. चिठ्ठी आहे म्हणून तिला पॅकेज म्हणायचं.

आणि पॅकेज मॅनेजर म्हणजे या चिठ्ठ्या वाचून पॅकेजं आणणारा, लावणारा आणि कुठे काय लावलं ते लिहून ठेवणारा प्रोग्रॅम. ग्रंथालयातली दाखल नोंदवही आठवा. पुस्तक कपाटात ठेवणं कुणालाही जमतं. पण नोंदवहीत त्याचा दाखल क्रमांक नसेल, तर ते कुठून आलं, कधी आलं, हरवलं तर कधी हरवलं, कशाचाच पत्ता लागत नाही. मॅनेजरचं निम्मं काम कपाटाचं असतं, निम्मं नोंदवहीचं.

## "झिप उतरवली, फोल्डरात टाकली, झालं की!"

ही पहिली हरकत, आणि मीही बरीच वर्षं हेच करायचो.

व्हिमची जुनी रचना अशी होती: तुमच्या होम फोल्डरात व्हिमचा एक फोल्डर आणि त्याच्या आत कामानुसार खण. आपोआप चालायच्या फाइली 'प्लगिन' नावाच्या खणात, रंगांचे नियम 'सिंटॅक्स' खणात, मदतीची पानं 'डॉक' खणात. नवं प्लगिन आणलं की त्याच्या फाइली सुट्या करून ज्या त्या खणात टाकायच्या. दहा प्लगिनं झाली की प्रत्येक खणात दहा जणांचा माल एकत्र. सगळ्या घराचं मिळून एकच कपाट, सगळ्यांचे सदरे एका खणात, मोजे दुसऱ्यात, असा तो प्रकार. घरातला एक जण दुसरीकडे राहायला निघाला की त्याचे मोजे कुठले ते शोधत बसा.

माझं काय झालं ते सांगतो. ओळींच्या शेवटी राहिलेल्या फालतू स्पेस सेव्ह करताना पुसून टाकणारं एक छोटं प्लगिन मी उतरवलं होतं. झिपमध्ये बरंच काही होतं. मला कामाची वाटली ती एकच फाइल काढून 'प्लगिन' खणात टाकली आणि विसरून गेलो. वर्षभराने मार्कडाउनमध्ये लिहायला लागलो. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात खुणा करून मांडणी दाखवायची पद्धत. तिच्यात ओळीच्या शेवटी दोन स्पेस दिल्या की पुढचा मजकूर नव्या ओळीवर जातो. मी दोन स्पेस द्यायचो, सेव्ह करायचो, आणि तयार पानावर कवितेच्या चार ओळींची एक सलग ओळ व्हायची. परत जाऊन पाहावं तर स्पेस गायब. पुन्हा द्यायचो, पुन्हा गायब. कीबोर्ड बदलून पाहिला. मार्कडाउनचं रूपांतर करणाऱ्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. दोन संध्याकाळी अशा गेल्यावर व्हिमची 'स्क्रिप्टनेम्स' ही कमांड सापडली. सुरू झाल्यापासून वाचलेल्या प्रत्येक फाइलची ती क्रमवार यादी देते. त्या यादीत मधोमध एक 'युटिल्स' नावाची फाइल बसली होती. आत लेखकाचं नाव नाही, आवृत्ती नाही. पुसून टाकली तर आणखी काय बंद पडेल याचीही खात्री नाही, कारण ती कुठल्या गठ्ठ्यातून आली होती हेच मला आठवत नव्हतं.

बसवण्यात काही म्हणजे काही अवघड नव्हतं. एक फाइल इथून उचलली, तिथे टाकली.

व्हिमकरांना या जंजाळातून बाहेर काढलं ते टिम पोप या प्रोग्रॅमरच्या 'पॅथोजन'ने. प्रत्येक प्लगिनला स्वतंत्र फोल्डर द्यायचा आणि व्हिमला सांगायचं की या सगळ्या फोल्डरांत डोकाव. काढायचं असेल तर तो एक फोल्डर उडवला की नामोनिशाण जातं. २०१६मध्ये आलेल्या व्हिम ८च्या पोटातच ही रचना आली. ईमॅक्सने २०१२च्या २४व्या आवृत्तीपासून पॅकेज मॅनेजर सोबतच द्यायला सुरुवात केली. सब्लाइम टेक्स्ट या एडिटरसाठीचा 'पॅकेज कंट्रोल' २०११मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रॅमरने लिहिला, आणि तो बसवायला एडिटरच्या कन्सोलमध्ये पायथन कोडचा एक लांबलचक तुकडा चिकटवावा लागे. बसवणं सोपं करणारी वस्तू बसवणं हेच अवघड!

## त्या एका ओळीमागे

लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या 'डेबियन' या अवतारात 'एपीटी' नावाचा पॅकेज मॅनेजर आहे. त्याच्याकडे टर्मिनलमधल्या त्या एका ओळीने ईमॅक्सचं एखादं प्लगिन मागितलं, समजा गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची) कामं करणारं 'मॅजिट', तर काय होतं ते जरा जवळून पाहू.

आधी तो रेपॉझिटरीची, म्हणजे पॅकेजांच्या मध्यवर्ती साठ्याची, यादी चाळतो. मॅजिटची चिठ्ठी वाचतो. तिच्यात लिहिलेले सोबती तुमच्याकडे आहेत का बघतो. नसतील तर त्यांच्याही चिठ्ठ्या वाचतो, आणि त्यांच्या सोबत्यांच्याही. मग सगळं उतरवतो आणि प्रत्येक फाइलचा 'हॅश' काढतो. हॅश म्हणजे फाइलमध्ये जे आहे त्यावरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या रीतीत तो ६४ चिन्हांचा येतो, आणि मूळ फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पार वेगळा निघतो. यादीतला ठसा आणि हातातला ठसा जुळला तरच गाडी पुढे जाते.

पण यादीच खोटी असली तर? म्हणून यादीचाही ठसा आणखी एका छोट्या फाइलमध्ये असतो, आणि त्या फाइलवर डेबियनची डिजिटल सही असते. सही एकाच कागदावर, पण साखळीने हजारो पॅकेजं तिच्या भरवशावर तपासली जातात. ही रचना मला फार देखणी वाटते. रोज लाखो मशीनवर ती मुकाट्याने चालते आणि कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मग फाइली जागच्या जागी जातात. ईमॅक्सची प्लगिनं वेगाने चालावीत म्हणून त्यांचं आधीच एक रूपांतर करून ठेवावं लागतं, तेही याच वेळी होतं. सगळ्यात शेवटी नोंद लिहिली जाते: या पॅकेजने या या फाइली या या ठिकाणी ठेवल्या. नोंद साध्या मजकुराची फाइल असते, उघडून वाचता येते. उलटा प्रश्नही चालतो. एपीटीच्या हाताखाली 'डीपीकेजी' नावाचा प्रोग्रॅम काम करतो. त्याला एखादी फाइल दाखवून 'ही कुणाची?' असं विचारलं की तो पॅकेजचं नाव सांगतो. माझ्या त्या दोन संध्याकाळी या एका प्रश्नात आटोपल्या असत्या.

## घरचं झालं थोडं

"मी एक मागितलं, तर सोबत ही सतरा नावं कुठून आली?"

एखाद्या पॅकेजला चालण्यासाठी जे दुसरं पॅकेज लागतं त्याला डिपेन्डन्सी म्हणतात. प्लगिन लिहिणारा तारखा हाताळायचा कोड स्वतः लिहीत बसत नाही, दुसऱ्याचा घेतो. तो दुसरा आणखी कुणाचा घेतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी ही पंगत वाढत जाते.

गोची होते ती मागण्या जुळेनाशा झाल्या की. एका प्लगिनला अमुक पॅकेजची दुसरी आवृत्ती हवी, दुसऱ्याला त्याच पॅकेजची तिसरी, आणि एका वेळी एकच ठेवता येते. अशा अटींच्या जाळ्यातून सगळ्यांना चालेल अशी जुळणी शोधणं हे खरोखरच कठीण कोडं आहे. संगणकशास्त्रात ज्याला 'एनपी-कम्प्लीट' म्हणतात त्या वर्गातलं. एरवी मॅनेजर ते चुटकीसरशी सोडवतो. कधी मिनिटभर घुटमळून 'जमत नाही' म्हणालाच, तर तो कामचुकारपणा करत नसतो एवढं लक्षात असू द्या.

आवृत्तीच्या आकड्यांना यासाठीच अर्थ दिलेला असतो. २.४.१ घ्या. शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, पहिला वाढला तर सावधान, जुनं काहीतरी मोडणार आहे. अर्थात हा शिरस्ता आहे, कायदा नाही. 'किरकोळ दुरुस्ती'च्या अपडेटनंतर एडिटर उघडेनासा झाला, हे ज्याच्या वाट्याला आलं नाही त्याने फार दिवस एडिटर वापरला नसावा.

या पंगतीचा सगळ्यात गाजलेला तमाशा मार्च २०१६चा. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा 'एनपीएम' नावाचा पॅकेज-साठा आहे. एका लेखकाने नावावरून झालेल्या वादात आपली सगळी पॅकेजं त्यातून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक होतं, जेमतेम ११ ओळींचं. काम काय, तर ठरावीक रुंदी भरेपर्यंत शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या. त्याच्यावर नकळत टेकून उभे असलेले कितीतरी मोठमोठे प्रकल्प त्या दिवशी अडून बसले. एनपीएमने काही तासांत ते पॅकेज परत आणलं आणि पुढे पॅकेज काढून घ्यायचे नियम कडक केले.

## एडिटरचं दुकान की सिस्टिमचं?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. झिपचा मार्ग बाद झाला, उरले दोन. एडिटरच्या आतलं दुकान आणि अख्ख्या सिस्टिमचा पॅकेज मॅनेजर, म्हणजे डेबियनवर एपीटी, मॅकवर पुष्कळ जण वापरतात तो होमब्रू, वगैरे.

शुद्धलेखनाचं प्लगिन पुष्कळदा स्वतः शब्द तपासतच नाही. ते 'हनस्पेल' किंवा 'आस्पेल' अशा बाहेरच्या प्रोग्रॅमला विचारतं आणि उत्तर रंगवून दाखवतं. ईमॅक्समध्ये हा अनुभव हमखास येतो: सगळं व्यवस्थित लागलेलं दिसतं, आणि पहिला शब्द तपासायला गेलं की 'असा प्रोग्रॅम सापडत नाही' असा खलिता येतो. एडिटरच्या दुकानात एडिटरचाच माल; बाहेरचा प्रोग्रॅम ते सहसा आणून देत नाही. सिस्टिमच्या मॅनेजरला तो भेद नसतो. प्लगिन, तपासणारा प्रोग्रॅम आणि त्याचा शब्दकोश ही तिन्ही त्याच्या लेखी सारखीच पॅकेजं, त्यामुळे तिन्ही त्याच्याच वहीत राहतात. 'एफझेडएफ' या फाइल शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं पॅकेज तर सोबत व्हिमचं छोटं प्लगिनही घेऊन येतं. दोघं एकाच वेळी अपडेट होतात, त्यामुळे प्रोग्रॅम नवा आणि प्लगिन जुनं अशी जुगलबंदी होत नाही.

उलट बाजूही आहे. सिस्टिमच्या मॅनेजरला बहुतेक ठिकाणी ॲडमिनचे अधिकार लागतात. ज्याचं मशीन दुसऱ्याच्या ताब्यात आहे त्याला तो मार्ग बंद. एडिटरचं दुकान मात्र होम फोल्डरातच सगळं मांडतं, कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय व्हीएस कोडची बहुसंख्य एक्स्टेंशनं सिस्टिमच्या साठ्यांत मिळतच नाहीत. तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही.

माझा ठोकताळा असा: ज्या प्लगिनला बाहेरचा प्रोग्रॅम लागतो ते सिस्टिमकडून घ्यावं, जे निव्वळ एडिटरच्या आतलं आहे ते एडिटरच्या दुकानातून. फक्त एकच प्लगिन दोन्हीकडून घेऊ नये. ईमॅक्सची 'मेल्पा' नावाची लोकप्रिय रेपॉझिटरी आवृत्तीच्या जागी तारीख लावते. आता मॅजिटची एक प्रत सिस्टिमने दिली, तिचा आकडा समजा ४.१. दुसरी मेल्पातून आली, तिचा आकडा २०२४०११५. दोन प्रती दिसल्या की ईमॅक्स मोठ्या आकड्याची उचलतो. या सामन्यात ४.१ कधी जिंकेल? सिस्टिम इमानेइतबारे दुरुस्त्या पाठवत राहते, तुम्ही त्या निष्ठेने बसवत राहता, आणि चालत असते मेल्पातली जुनीच प्रत.

## "पण सिस्टिममधली आवृत्ती शिळी असते"

असते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. त्यानंतर तिच्यातल्या पॅकेजांना सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या मिळतात, नव्या सोयी मिळत नाहीत. मेल्पा हे दुसरं टोक: लेखकाने कोड बदलला की काही तासांत नवं पॅकेज हजर. ज्याला कालच आलेली सोय आजच हवी, त्याला डेबियनचा वेग सोसवणार नाही.

तरीही शिळेपणाची बाजू घ्यावीशी वाटते, ती २०२४मधल्या एका प्रकरणामुळे. फाइली दाबून लहान करणारी 'एक्सझेड' नावाची प्रणाली जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. तिच्या देखभालीत एक जण शिरला, दोनेक वर्षं मन लावून काम केलं, विश्वास कमावला, आणि मग नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. भल्या माणसाने त्या अर्ध्या सेकंदाचा छडा लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं चव्हाट्यावर मांडलं. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीतल्या साठ्यात पोचली होती. स्थिर डेबियनमध्ये ती आलेलीच नव्हती. जे जुन्यावर समाधानी होते त्यांना काहीच करावं लागलं नाही.

## ठसा जुळला, पण माणूस?

एक्सझेडमधून आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मैत्रिणीची खरी धास्ती तीच होती. हॅश आणि सही एवढंच सांगतात की पाकीट वाटेत कुणी फोडलं नाही. आत काय भरलंय आणि भरणाऱ्याच्या मनात काय आहे, हे त्यांना कळत नाही. एक्सझेडच्या त्या पॅकेजांचे ठसे अगदी बरोबर जुळत होते.

एडिटरच्या प्लगिनबाबत हे जास्त बोचतं. मोबाइलवरचं ॲप कॅमेरा वापरू का, फोटो पाहू का, असं निदान विचारतं. एडिटरचं प्लगिन बहुधा काहीच विचारत नाही. व्हीएस कोडमध्ये एक्स्टेंशनला खुद्द एडिटरला असतात तेवढेच अधिकार मिळतात. तुम्हाला वाचता येणारी प्रत्येक फाइल त्यालाही वाचता येते, आणि ती नेटवरून बाहेर पाठवताही येते. व्हिम आणि ईमॅक्समध्येही हीच तऱ्हा. नुसते रंग बदलणारं एक्स्टेंशन असलं तरी घराची किल्ली दिलेलीच असते.

मग दोन दुकानांत फरक कशाचा? मधल्या माणसाचा. डेबियनमध्ये प्लगिनचा लेखक आणि तुम्ही यांच्यामध्ये तिसरा कुणीतरी स्वयंसेवक असतो, जो ते पॅकेज बांधतो आणि आपल्या नावावर घेतो. तो प्रत्येक ओळ वाचतो असं मुळीच नाही, पण निदान एक परका डोळा असतो. एडिटरच्या दुकानांत बहुधा लेखक थेट माल चढवतो, यंत्र त्याची झडती घेतं आणि तो तुमच्यापर्यंत येतो. त्यातही व्हीएस कोड मुळातच एक्स्टेंशनं आपोआप अपडेट करतो. म्हणजे काल भल्या असलेल्या लेखकाचं खातं आज चोरीला गेलं, तर तुम्ही काहीही न करता चोराचा माल तुमच्याकडे येऊ शकतो. ग्लासवर्मला नेमकं हेच पथ्यावर पडलं.

रखवालदाराच्या हातूनही चूक होते. २०२५च्या सुरुवातीला व्हीएस कोड बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने एक अतिशय लोकप्रिय रंगसंगतीचं एक्स्टेंशन संशयावरून दुकानातून काढलं, वापरणाऱ्यांच्या मशीनवरही बंद केलं, आणि नंतर चूक कबूल करून परत आणलं. बंद पडलेल्या रंगांचं एवढं काही नाही. पण दुकानाचा हात आपल्या मशीनपर्यंत पोचतो, हे त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं: एडिटरच्या यादीत नाव टाइप करून पहिलं दिसेल ते घेऊ नकोस. प्लगिनच्या मूळ माहितीत जो दुवा दिलाय त्यावरून जा, आणि प्रकाशकाचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एक अक्षर इकडचं तिकडे करून जुळी नावं चढवणारे महाभाग प्रत्येक साठ्यात असतात. आणि नेटवरून स्क्रिप्ट उतरवून थेट चालवणारी एखादी ओळ कुणी 'सोपी पद्धत' म्हणून दिली असेल, तर तिच्या वाटेला जाऊच नकोस. तिच्यात ना यादी, ना ठसा, ना नोंदवही.

## दुकानच उठलं तर?

उठतात. ॲटम हा गिटहबचा, म्हणजे लोकांचे कोड ठेवणाऱ्या संकेतस्थळाचा, एडिटर २०१४मध्ये आला, हजारो पॅकेजं जमली, आणि १५ डिसेंबर २०२२ला गिटहबने प्रकल्प बंद केला. 'पल्सर' नावाने त्याची शाखा चालवणाऱ्यांना एडिटर सांभाळणं तुलनेने सोपं गेलं, कारण कोड खुला, म्हणजे कुणालाही घेऊन बदलता येईल असा, होता. पॅकेजांचा साठा चालवणारा सर्व्हर मात्र त्यांना नव्याने उभारावा लागला.

व्हीएस कोडचं त्रांगडं वेगळं आहे. कोड खुला आहे, पण दुकानाच्या अटींनुसार तिथला माल मायक्रोसॉफ्टच्याच उत्पादनांत वापरायचा. त्याच कोडवरून बांधलेल्या 'व्हीएसकोडियम'सारख्या एडिटरांना म्हणून दुसरं दुकान लागतं, ते म्हणजे एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेचं 'ओपन व्हीएसएक्स'. एकाच एक्स्टेंशनची आवृत्ती दोन्हीकडे वेगळी असू शकते, किंवा एकीकडे ते नसतंच. ग्लासवर्म आधी ओपन व्हीएसएक्सवरच सापडला होता.

यावर आपल्या हातात एक गोष्ट आहे: आपल्या नोंदवहीची प्रत आपल्याजवळ ठेवायची. व्हीएस कोड एका कमांडवर बसवलेल्या एक्स्टेंशनांची यादी देतो. व्हिमपासून निघालेल्या निओव्हिमचा 'लेझी' नावाचा प्लगिन मॅनेजर तर प्रत्येक प्लगिनची नेमकी कुठली अवस्था बसवली आहे ते एका 'लॉक' फाइलमध्ये लिहितो. ती फाइल नव्या मशीनवर नेली की तिथे आजची ताजी नव्हे, तुमच्याकडे चालत होती तीच जुळणी उभी राहते.

## प्लगिन तुम्हीच लिहिलं असेल तर

झिप ठेवून मोकळे होऊ नका, एवढीच विनवणी. चिठ्ठीत एडिटरची किमान आवृत्ती खरीखुरी लिहा. 'माझ्याकडे चालतं' ही आवृत्ती नव्हे. स्थिर वाटेल त्या टप्प्यावर क्रमांक द्या, म्हणजे साठे चालवणाऱ्यांना नेमकं काय उचलायचं ते कळतं. ११ ओळींच्या कामासाठी दुसऱ्याचं पॅकेज ओढून आणू नका. आणि मदतीचं पान लिहा.

हे शेवटचं मी अनुभवाने सांगतोय. त्या 'युटिल्स' फाइलमधल्या एका फंक्शनच्या विचित्र नावावरून मला पुढे मूळ प्लगिन सापडलं. फाइल पुसली आणि तेच प्लगिन मॅनेजरकडून रीतसर बसवलं. या वेळी सगळे खण आले, मदतीच्या पानांची सूचीही आपोआप बनली. मदत उघडली तर पहिल्याच पानावर लेखकाने लिहून ठेवलं होतं, की मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटच्या स्पेसना अर्थ असतो, तेव्हा त्या फाइली वगळायच्या असतील तर सेटिंगमध्ये अमुक एक ओळ घाला. ते पान पहिल्या झिपमध्येही होतं. 'डॉक' खणात टाकायचं होतं, ते मी टाकलंच नव्हतं.